गोड पाण्याचे पाच कॅन

माळ्यावरून कॅन खाली काढले. पाच आहेत. निळे, वीस-वीस लिटरचे, प्रत्येकाच्या मुठीला लाल रिबन बांधलेली. झाकण उघडून वास घेतला, उजेडाकडे धरून आत पाहिलं आणि माझं डोकं तापलं. एप्रिल नुकताच लागलाय. अकोल्यात एवढ्याला कोणी उन्हाळा म्हणत नाही. दोरीवर टाकलेली साडी दुसरी साडी पिळेपर्यंत वाळली, की त्याला आम्ही उन्हाळा म्हणतो. पण चार दिवसांआड येणारा नळ पाच दिवसांआड झाला, शेजारच्या वहिनींनी गच्चीवर कूलरचं गवत झटकलं, आणि मला कळलं की माझा रागाचा हंगाम सुरू झाला.

घरात सगळ्यांना वाटतं, मी उन्हानं चिडते. आमचे हे मार्च संपला की माझ्याशी जपून बोलतात, माझ्या पुढ्यात पन्ह्याचा ग्लास ठेवून बाजूला होतात. उन्हाचं मला काही नाही. मी याच भागातली आहे, डोक्याला ओढणी गुंडाळून तीस वर्षं शाळेत शिकवायला गेले. मी चिडते ती पाण्यावर. ते कुठे असतं, कुणाला मिळतं, कुणाला मिळत नाही आणि मिळालेलं कुणाला पिता येत नाही, यावर.

मागच्या उन्हाळ्यात विनू आला होता. विनू माझा धाकटा भाऊ, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. अमरावतीला एका कॉलेजात प्रयोगशाळेत काम करतो. लग्न केलं नाही. का केलं नाही यावर आमच्या नात्यातल्या बायकांनी इतका विचार केलाय की मला वेगळा करावा लागला नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. एकटा जायचा, एकटा रिक्षानं परत यायचा, चक्कर आली तर जिन्यात बसायचा. हे मला त्याच्या घरमालकिणीकडून कळलं, त्याच्याकडून नाही. मी फोनवर त्याला फैलावर घेतलं. कॉलेजला सुट्ट्या लागल्या की अकोल्याला यायचं, इथे सेंटर आहे, मी घरी आहे, विषय संपला. तो बरं म्हणाला. मग म्हणाला, मासे आणावे लागतील.

मासे म्हणजे पाच एंजल. दोन फुटी काचेच्या टाकीत राहणारे, पतंगासारखे चपटे, चार चंदेरी आणि एक काळा. विनूनं ते पिल्लं असल्यापासून वाढवलेले. मला वाटलं, पिशवीत पाणी घालून आणेल, जत्रेतून आणतात तसे. आम्ही शेजाऱ्यांची व्हॅन घेऊन अमरावतीला पोचलो तेव्हा व्हरांड्यात हे पाच कॅन ओळीनं उभे होते. चार भरलेले. मी विचारलं यात काय, तर म्हणे पाणी. माशांचं जुनं पाणी. अमरावतीहून अकोल्याला पाणी न्यायचं! मी म्हटलं, अकोल्यात पाणी नसतं का रे? आणि माझं मलाच हसू आलं, कारण नसतंच. पण तो हसला नाही. म्हणाला, माशांना एकदम नवीन पाणी सोसत नाही. अर्धं जुनं लागतं, मग हळूहळू नवीन.

पाचव्या कॅनमध्ये मासे होते. अर्धा भरलेला, वर हवेसाठी जागा, सेलवर चालणारा बुडबुड्यांचा पंप, भोवती ओलं पोतं. आमचे हे एस.टी.त ड्रायव्हर होते, निवृत्त झाले. त्यांनी आयुष्यात एवढी हळू गाडी कधी चालवली नसेल. प्रत्येक स्पीडब्रेकरला विनू मागून म्हणायचा, भाऊजी जरा हळू, आणि ते पहिला गिअर टाकायचे. मूर्तिजापूरला चहाला थांबलो. पोऱ्यानं टेबलावर थंड पाण्याचा जग आणि तीन ग्लास आपटले. काचेवर थेंब जमलेले होते. विनूनं आपला ग्लास उचलला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि अर्धा कप चहा मागवला. मी त्या उलट्या ग्लासाकडे बघत राहिले. आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे दोन ग्लास घटाघटा रिचवले, मग माझा चेहरा पाहून तिसरा भरता भरता खाली ठेवला.

दिवसाला एक लिटर. हे डॉक्टरांचं माप. त्यात चहा, त्यात वरण, त्यात गोळ्या घ्यायचं पाणी, सगळं धरून. जे आत जातं ते बाहेर पडायला त्याच्या शरीरात वाट नाही, म्हणून ते अंगातच साचतं, छातीत चढतं. डायलिसिसच्या आधी वजन करतात, आणि वाढलेलं प्रत्येक किलो म्हणजे प्यायलेलं पाणी, असा साधा हिशोब. तो मे महिना होता आणि ते अकोला होतं. मी एका स्टीलच्या तांब्यात सकाळी एक लिटर मोजून ठेवायची आणि दिवसभर त्याला जे जे द्यायचं ते त्यातून वजा. विनूच्या ग्लासावर त्यानं स्वतः नेलपेंटनं रेघ मारून घेतली होती. प्रयोगशाळेतला माणूस. रेघेच्या वर थेंब नाही.

आणि त्याच घरात, त्याच उन्हात, माशांसाठी आठवड्याला शंभर लिटर.

याचं कारणही सांगते, म्हणजे माझा राग तुम्हाला नीट समजेल. आमच्या बोअरचं पाणी खारट. नळाचं गोड आहे पण औषध मारलेलं, आणि येतं तेव्हा येतं. एंजलला हलकं पाणी लागतं. म्हणून फिल्टरच्या दुकानातून आरओचं पाणी आणायचं, तीन भाग ते आणि एक भाग नळाचं, दोन दिवस शिळवलेलं. नुसतं आरओचं घातलं तर तेही चालत नाही, कारण त्यात काहीच उरलेलं नसतं, इतकं ते साफ. विनू म्हणायचा, या पाण्यात अंग नाही ताई, जे घालशील ते लगेच चढते याले. म्हणून नियम. कॅन साबणानं धुवायचे नाहीत. कॅनमध्ये दुसरं काही कधीही भरायचं नाही, म्हणून रिबन. उन्हात ठेवायचे नाहीत, जिन्याखाली अंधारात ठेवायचे. हात घालायचा नाही. बांगडीला लागलेलं पीठसुद्धा नको. आमचे हे स्कूटरच्या पायाशी एक कॅन, मागे एक कॅन असे आणायचे, आणि जिन्याखाली ठेवताना कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. गल्लीतले लोक विचारायचे, पाहुणे आले का? हे म्हणायचे, हाव, पाच जण आहेत.

मी चिडायची. उघड चिडायची, भांडी आपटून. कारण मला आमचं गाव आठवायचं.

आमचं गाव भातकुली तालुक्यात. काळी जमीन, खाली खारं पाणी. नुसतं खारट नाही, जिभेवर खरखर सोडणारं. त्यात तुरीची डाळ शिजत नाही, दोन तास उकळली तरी दाणा दाण्याला ओळख देत नाही. साबणाला फेस येत नाही. नवी नवरी गावात आली की आठ दिवसांत तिचे केस चिकटायचे. गोड पाणी दुसऱ्या गावच्या विहिरीचं, बाबा बैलबंडीवर ड्रम बांधून दोन दिवसांआड आणायचे. आणलं की आई त्यात तुरटीचा खडा फिरवायची. पाच वेळा, मनात मोजून. गाळ खाली बसला की मगच कोणी हात लावायचा. त्या पाण्याचे वाटे ठरलेले होते. पाहुण्याला गोड, बाबांना गोड, डाळीला गोड. आम्हा पोरांना सकाळी एक, संध्याकाळी एक ग्लास गोड आणि मध्ये तहान लागली तर खारं. गावातली माणसं पोटात खडे घेऊन फिरायची. दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी सुजायचा आणि जायचा. लोक म्हणायचे, त्याला सूज आली होती. जसं काही सूज स्वतः चालत आली.

माझी दहावीची परीक्षा होती त्या वर्षी उन्हाळा लवकर लागला. मी ओसरीवर भिंतीला टेकून वाचायची आणि मला सारखी तहान लागायची. विनू सहावीत होता. तो आपला गोड पाण्याचा ग्लास आणून माझ्या वहीशेजारी ठेवायचा. मी म्हणायची, तुझं तू पी. तो म्हणायचा, "तू पे ताई. मले खारंच गोड लागते." आणि माझ्यासमोर माठातलं खारं पाणी ओंजळीनं पिऊन दाखवायचा, वर ओठ चाटायचा. मला ते खरं वाटलं. मला ते किती वर्षं खरं वाटलं! मी गावात पहिली आले, माझं कौतुक झालं, आणि पुढची दोन वर्षं, मी डी.एड.ला जाईपर्यंत, विनूला खारंच आवडतं असं सगळ्या घरानं धरून ठेवलं. कोणाचंच काही अडत नव्हतं ना.

मी डॉक्टरांना विचारलं होतं, पाण्यानंच झालं का हे? ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही, पुष्कळ कारणं असतात. त्यांचं बरोबर असेल. शिकलेली माणसं आहेत. पण मी तो ग्लास प्यायलेय, मला नक्की सांगता येतं.

म्हणून जिन्याखालचे ते कॅन पाहिले की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या वेळी असा एक कॅन आमच्या ओसरीवर असता तर? आता मासे पोहतात तसल्या पाण्यात आम्हाला नुसती तुरीची डाळ शिजवायला मिळाली असती तर? मी हे बोलूनही दाखवलं एकदा. विनू टाकीसमोर बसला होता. म्हणाला, "मासे पेत नाईत थे पानी, ताई. त्यात राह्यतात. मी त्यायच्याकडे पाह्यतो त मले जरा कमी तहान लागते." मी स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजरमधून बर्फ काढला. फ्रीजरमध्ये वरच्या खणात त्याचा ट्रे असायचा, दुपारी दोन खडे चघळायला. खालच्या खणात पाण्याच्या दोन बाटल्या, बर्फ करून टाकीत तरंगत सोडायला, कारण उन्हानं टाकी तापायची. दुपारी अडीच वाजता भाऊ तोंडात बर्फाचा खडा धरून बसायचा आणि समोर मासे बर्फाच्या बाटलीभोवती फिरायचे.

येणारे-जाणारे तर विचारूच नका. किडनीचं ऐकलं की प्रत्येक जण एकच सल्ला द्यायचा, पाणी भरपूर प्यायचं. चुलत सासूबाई तर कलिंगड घेऊन आल्या. टीव्ही लावला की जाहिरातीत कोणीतरी डोंगरावरून उडी मारून थंड बाटली तोंडाला लावायचं आणि ते पाणी त्याच्या हनुवटीवरून गळ्यावर ओघळायचं. मी टीव्हीची वायरच काढून ठेवली. विनू म्हणाला, क्रिकेट तरी पाहू दे. मी म्हटलं, त्यातही मध्ये पाणीच पितात.

एक दिवस मी ठरवलं, त्याच्या मापानं राहून पाहायचं. कोणाला सांगितलं नाही. सकाळी आपलाही एक लिटर मोजला. अकरापर्यंत जमलं. बाराला पोळ्या लाटताना घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं, एकला जीभ टाळूला चिकटली. दीड वाजता मी स्वयंपाकघराचं दार लोटून माठाजवळ उभी होते आणि एकामागून एक तांबे रिकामे करत होते. पदर भिजला. मग भान आलं. दाराबाहेर, दोन पावलांवर, तो खाटेवर पडलेला होता. माझ्या घशाचा आवाज त्याला ऐकू गेला असणारच. मी बाहेर आले तेव्हा तो डोळे मिटून पडला होता. झोपलेल्या माणसाचा श्वास मला ओळखू येतो. तो झोपलेला नव्हता.

आणि त्याच आठवड्यात त्याचं वजन वाढलं.

मंगळवारी सेंटरला काट्यावर उभा राहिला आणि तिथल्या सिस्टर माझ्याकडे वळल्या. चांगल्या बाई, पण फटकळ. म्हणाल्या, काकू, पाणी कोण पाजून राह्यलं यायले? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, एक लिटर, माझ्या हातानं मोजते. म्हणाल्या, मग हे काय वाऱ्यानं वाढलं? असंच चाललं तर एक दिवस छातीत भरेल, मग माझ्याकडे आणू नका. विनू खाली बघून उभा होता. घरी येईपर्यंत माझं डोकं चालूच होतं. माठ माझ्या नजरेसमोर असतो. फ्रीजला मी चावी लावते. मग कुठून? त्या दुपारी जिन्याखाली झाडायला वाकले, तर कॅनच्या मागे एक स्टीलचा ग्लास. ओला. एका कॅनमधलं पाणीही खाली गेलेलं.

मला काय झालं ते मी लपवणार नाही. मला दया नाही आली. संताप आला. मी उन्हात रिक्षा शोधते, मी थेंब मोजते, मी वरणाचं पाणी आटवते, आणि हा चोरून पितो? माशांचं पितो? विचारलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण विचारायला राग थोडा कमी लागतो. मी माळ्यावरच्या डब्यातून तुरटीचा मोठा खडा काढला. दुसऱ्या दिवशी टाकीचं पाणी बदलायचे दोन कॅन भरून ठेवलेले होते, त्या दोन्हींत तो खडा सुतळी बांधून सोडला आणि फिरवला. पाच वेळा नाही. हात दुखेपर्यंत. जिभेला लावून पाहिलं, तोंड आवळलं. म्हटलं, आता पी. घोटभरही उतरणार नाही घशाखाली. माशांचा विचार मनात आला, नाही असं नाही. पण तुरटी म्हणजे काय विष आहे? तुरटीनं पाणी साफ होतं. आम्ही सगळे तुरटीच्या पाण्यावर वाढलो. आमच्याकडे कोणत्याही बाईला विचारा, साठवलेल्या पाण्यात तुरटी फिरवू नये असं तिला कधी कोणी सांगितलेलं नसतं.

बुधवारी विनूनं टाकीतलं अर्धं पाणी काढलं आणि ते दोन कॅन नळीनं हळूहळू सोडले. तासभर बसून, थेंबाथेंबानं, माशांना धक्का बसू नये म्हणून. मी भाजी निवडत बघत होते.

गुरुवारी सकाळी मी केर काढायला आले तेव्हा चार चंदेरी मासे वर आडवे तरंगत होते आणि काळा एका कोपऱ्यात तोंड वर करून श्वास ओढत होता. विनू टाकीपाशी उभा होता. किती वेळ उभा होता कोणास ठाऊक. त्यानं आधी काळ्याला जुन्या पाण्याच्या बादलीत ठेवलं. मग जिन्याखाली गेला, रिकाम्या कॅनच्या तळाशी बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुरटी?"

मी सगळं बोलले. ग्लास सापडल्याचं, वजनाचं, सिस्टरचं, माझ्या उन्हातल्या फेऱ्यांचं. चोरटा म्हणाले त्याला. आमचे हे मध्ये पडायला आले तर त्यांनाही गप्प केलं. विनूनं सगळं ऐकून घेतलं, आणि मग इतकंच सांगितलं की तो ग्लास टाकीत भर घालण्यासाठी होता. कूलरच्या वाऱ्यानं टाकीतलं पाणी रोज दोन बोटं उडून जातं, तेवढं तो सकाळी त्या ग्लासानं मोजून घालायचा. मी अंघोळीला जायची तेव्हा. "तुह्या मागं कटकट नको म्हनून," म्हणाला, "तू पानी पाह्यलं का चिडतं."

मी विश्वास ठेवला नाही. त्या वेळी नाही.

गुरुवार सेंटरचा दिवस. वजन पुन्हा वाढलेलं. सिस्टरांनी या वेळी त्याला सोडून मला समोर बसवलं आणि सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खातो ते सांगायला लावलं. मी सांगत गेले. चहा अर्धा कप. दोन पोळ्या. घट्ट वरण. संध्याकाळी ज्वारीच्या कण्या. सिस्टरांनी विचारलं, कण्या कशा करता? मी म्हटलं, कशा म्हणजे, जशा करतात तशा. भरड, आणि चौपट पाणी, शिजून शिजून मऊ. तो जेवत नव्हता म्हणून आठ-दहा दिवसांपासून रोज करते, लहानपणी आवडायच्या, दोन वाट्या खातो. हे बोलता बोलता माझ्याच कानांना ते ऐकू आलं. चौपट पाणी. मी तांब्यातलं पाणी मोजत होते आणि पातेल्यातलं पाणी माझ्या लेखी अन्न होतं. मी स्वतःच्या हातानं, मायेनं, वरून चमचाभर तूप सोडून, त्याला रोज दोन वाट्या पाणी चारत होते. आणि त्याला ते माहीत नसेल? प्रयोगशाळेतल्या माणसाला? मी केलेलं आहे म्हणून खात होता.

मग मी तुरटीचंही विचारलं, असंच, आडून. पोटात गेली तर काही होतं का? सिस्टर म्हणाल्या, तुम्हाले-आम्हाले काही नाही होत. यायच्या अंगातून बाहेर पडत नाही, साचते, डोक्यात जाते. मशीनला जे पाणी लागते ना, त्यातसुद्धा नखाएवढी चालत नाही. त्यांनी काचेपलीकडे बोट दाखवलं. पलीकडच्या खोलीत उंच टाक्या, नळ्या, पंप. तेच पाणी. आरओचं, अंग नसलेलं, साफ. भावाच्या रक्ताला चार तास बाहेरून धुऊन गटारात जाणारं. माझ्या मनात आलं, त्याचा ग्लास खरंच पिण्याचा असता तर? मी तो खडा हात दुखेपर्यंत फिरवला होता तो त्याच्यासाठीच. मासे मध्ये आले म्हणून निभावलं. मला त्या काचेवर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं, आणि फेकायला हातात फक्त त्याची चप्पल होती.

आता रविवारी तो येतोय. काळा मासा जगला. त्याच्यासोबत तीन नवे आणलेत म्हणे, आणि फोनवर पहिला प्रश्न, कॅन आहेत ना? आहेत. कोमट पाण्यानं धुऊन सावलीत उपडे घातलेत. तुरटीचा खडा मी घराबाहेर काढलाय, शेजारच्या वहिनी घेऊन गेल्या. कण्यांचं पातेलं आत ठेवून दिलंय. हे सगळं मी करते आहे आणि करता करता चिडते आहे. गावावर, त्या खाऱ्या विहिरीवर, वाटे पाडणाऱ्या आमच्या घरावर, नक्की सांगता येत नाही म्हणणाऱ्या शिकलेल्या लोकांवर. पण कॅन पुसताना हात थांबतो तो या कशानं नाही. त्या गुरुवारी दुपारी सेंटरवरून परत आल्यावर जे झालं, त्यानं थांबतो.

मी रिकाम्या टाकीसमोर फरशीवर बसले होते. सकाळपासून ओरडून ओरडून घसा कोरडा पडला होता, उन्हात रिक्षा न मिळाल्यानं डोकं गरगरत होतं. माफी मागायची होती, आणि मी टाकीची काच पदरानं पुसत होते. चार तास मशीनवर पडून आलेल्या माणसाला किती तहान लागते ते मला माहीत आहे. तो येताना रिक्षात ओठांवरून जीभ फिरवत होता. तो उठला, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेला आणि आपला ग्लास घेऊन आला. नेलपेंटच्या रेघेपर्यंत भरलेला. त्याचा दुपारचा वाटा. त्यानं तो माझ्यासमोर फरशीवर ठेवला आणि शेजारी बसला.

"पे ताई," म्हणाला. "मले नाई लागली तहान."

मी त्याच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं. या वेळी मला ते खरं वाटलं नाही. तरी मी तो ग्लास उचलला आणि सगळा प्यायले.